‘ती गोष्ट वेगळी होती’: अमेरिकन पक्षांवरचा दुटप्पीपणाचा आरोप कसा तपासावा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपला मुलगा डॅलसला आणि मुलगी न्यू जर्सीत असते, दोघेही तिथले मतदार झाले आहेत, आणि रविवारच्या व्हिडिओ कॉलवर मुलगा डेमोक्रॅटांना आणि मुलगी रिपब्लिकनांना ढोंगी म्हणते. दोघांकडे उदाहरणे असतात आणि ती खोटीही वाटत नाहीत. तेव्हा अमेरिकेतले दोन्ही पक्ष सारखेच दुटप्पी मानावेत, की त्यांतला एक अधिक अप्रामाणिक आहे असे म्हणता येते, आणि हे ठरवायचे कशावरून, असे आपण विचारले आहे. मी गेली २२ वर्षे न्यू जर्सीतल्या एका कम्युनिटी कॉलेजात अमेरिकन शासनव्यवस्था हा विषय शिकवतो. हा प्रश्न माझ्या वर्गात दर सत्रात एकदा तरी निघतो, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

‘आपला तो बाब्या’ ही खोड अमेरिकन नाही, हे आपल्याला मी सांगायला नको. अमेरिकेत फरक एवढाच की बाब्याचे जुने बोलणे दप्तरी राहते. सिनेटमधली, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहातली, भाषणे काँग्रेशनल रेकॉर्डमध्ये छापली जातात, नावानिशी झालेल्या प्रत्येक मतदानाचा तक्ता कोणालाही पाहता येतो, आणि बहुमत दर काही वर्षांनी या पक्षाकडून त्या पक्षाकडे जात असल्यामुळे एकाच नियमावर एकाच माणसाने दोन वेगवेगळ्या खुर्च्यांवरून केलेली दोन भाषणे सहज हाती लागतात. अडचण पुढे येते. ज्याच्यावर आरोप होतो तो ‘हो, मी नियम फिरवला’ असे कधीच म्हणत नाही. तो म्हणतो, ‘ती गोष्ट वेगळी होती.’ पुष्कळदा ती खरोखर वेगळी असते, कारण तंतोतंत सारखी दोन प्रकरणे राजकारणात सापडत नाहीत. म्हणून फरक आहे की नाही यावर मी फार वेळ घालवत नाही. तो फरक सोय उलटण्याच्या आधी सांगितला होता की नंतर सुचला, एवढे तारखा लावून पाहायला सांगतो.

दर सप्टेंबरात मी वर्गात एक कागद वाटतो. त्यावर दोन उतारे असतात. नावे आणि तारखा काळ्या मार्करने खोडलेल्या. दोन्ही उताऱ्यांत एक सिनेटर सांगत असतो की अध्यक्षीय निवडणुकीच्या वर्षात सर्वोच्च न्यायालयातली जागा रिकामी झाली तर ती निवडणूक होईपर्यंत भरू नये. विद्यार्थ्यांनी प्रत्येक उताऱ्यापुढे पक्ष लिहायचा. एक उतारा रिपब्लिकन लिंडसे ग्रॅहम यांचा, मार्च २०१६ मधला. दुसरा जून १९९२ मधला, तेव्हा सिनेटच्या न्यायविषयक समितीचे अध्यक्ष असलेल्या जो बायडेन यांचा, आणि त्यापुढे बहुतेक मुले बिनदिक्कत ‘रिपब्लिकन’ लिहितात. नावे सांगितल्यावर वर्गात जी चुळबुळ होते ती पाहण्यासारखी असते: ज्यांना घटकाभरापूर्वी तो उतारा सत्तेचा माज वाटत होता, त्यांना त्यात एकाएकी समंजसपणा दिसू लागतो. एका वर्षी मागच्या बाकावरचा, लष्करातून निवृत्त होऊन शिकायला आलेला एक गृहस्थ उठून म्हणाला, ‘प्रोफेसर, पण बायडेन बोलले तेव्हा जागा रिकामी कुठे होती?’ त्याचे म्हणणे बरोबर होते. १९९२ मध्ये जागा रिकामी झालीच नाही, आणि त्याच भाषणात बायडेन यांनी अध्यक्षांनी सल्लामसलत करून मवाळ नाव दिले तर आपण पाठिंबा देऊ शकतो, असेही म्हटले होते. हा फरक त्याच दिवशी नोंदलेला असल्यामुळे मी तो फळ्यावर ‘आधीचा’ या रकान्यात लिहिला.

आता या प्रकरणाचा मुख्य भाग. १३ फेब्रुवारी २०१६ ला न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया वारले. सिनेटमधले बहुमताचे रिपब्लिकन नेते मिच मॅकोनेल यांनी त्याच दिवशी जाहीर केले की पुढच्या न्यायमूर्तीच्या निवडीत अमेरिकन जनतेचा आवाज असला पाहिजे आणि म्हणून नवा अध्यक्ष येईपर्यंत ही जागा भरू नये. डेमोक्रॅट अध्यक्ष ओबामांनी १६ मार्चला मेरिक गारलँड यांचे नाव दिले. ते नाव २९३ दिवस तसेच पडून राहिले आणि सुनावणीसुद्धा न होता ३ जानेवारी २०१७ ला निकालात निघाले. पुढे १८ सप्टेंबर २०२० ला न्यायमूर्ती रुथ बेडर गिन्सबर्ग वारल्या. निवडणूक ४६ दिवसांवर होती. त्याच मॅकोनेल यांच्या सिनेटने २६ ऑक्टोबरला, मतदानाच्या आठ दिवस आधी, रिपब्लिकन अध्यक्ष ट्रम्प यांनी नाव दिलेल्या एमी कोनी बॅरेट यांच्या नेमणुकीवर ५२ विरुद्ध ४८ मतांनी शिक्कामोर्तब केले.

मॅकोनेल यांचा बचाव असा की २०१६ मध्ये अध्यक्ष एका पक्षाचा व सिनेट दुसऱ्या पक्षाची होती, २०२० मध्ये दोन्ही एकाच पक्षाची. हा बचाव २०२० मध्ये नव्याने शोधलेला नाही. निवडणुकीच्या वर्षात रिकामी झालेली जागा विरोधी पक्षाच्या सिनेटने भरल्याचे याआधीचे उदाहरण शोधायला १८८८ पर्यंत मागे जावे लागते, असे ते २०१६ मध्येही सांगत होते. पण त्यांचे मुख्य वाक्य ते नव्हते. मुख्य वाक्य जनतेच्या आवाजाचे होते, त्याला कोणतीही अट जोडलेली नव्हती, आणि जनतेचा आवाज २०२० मध्ये अचानक बसला असे काही झाले नव्हते. माझ्या हिशेबी मॅकोनेल यांना अर्धे गुण मिळतात. ग्रॅहम यांना तेवढेही मिळत नाहीत. त्यांनी २०१६ मध्ये समितीसमोर बजावले होते की उद्या रिपब्लिकन अध्यक्षाच्या शेवटच्या वर्षात अशी वेळ आली तर माझेच शब्द माझ्यावर उलटवा; ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यांनी तीच ग्वाही पुन्हा दिली. वेळ आली तेव्हा ते स्वतःच न्यायविषयक समितीचे अध्यक्ष होते, आणि बॅरेट यांची सुनावणी त्यांनीच चालवली. ट्रम्प यांनी २०१८ मध्ये नाव दिलेले न्यायमूर्ती ब्रेट कॅव्हानॉ यांच्या सुनावणीत डेमोक्रॅटांनी जे केले त्यानंतर सगळे बदलले, हे त्यांचे स्पष्टीकरण. पण २०१८ ची ग्वाही कॅव्हानॉ प्रकरण ऐन भरात असतानाची आहे, त्यामुळे तारखांपुढे ते टिकत नाही.

इथे आपल्या मुलीने फार खूश होऊ नये. २०१६ मध्ये ‘सिनेटने आपले घटनात्मक काम करावे, जागा रिकामी ठेवणे हा न्यायालयाचा अपमान आहे’ असे सांगणारे डेमोक्रॅट नेते २०२० मध्ये ‘निवडणूक होईपर्यंत थांबा’ म्हणत होते. तुम्हीच घालून दिलेला नियम तुम्ही पाळा, एवढेच आमचे म्हणणे आहे, असे त्यांचे उत्तर होते. या उत्तरात तथ्य आहे, कारण ज्याने नियम घातला त्याचे देणे मोठे असते. तरीही घटनेने सिनेटवर टाकलेले जे कर्तव्य २०१६ मध्ये अपरिहार्य होते ते चार वर्षांत ऐच्छिक कसे झाले, याचे उत्तर त्यात मिळत नाही. त्या मतदानात स्वतःचे मत पक्षापासून वेगळे ठेवणाऱ्या रिपब्लिकन सिनेटर एकच होत्या, मेन राज्याच्या सुसान कॉलिन्स. अलास्काच्या लिसा मर्कोवस्की यांनी एवढ्या घाईने प्रक्रिया पुढे नेण्याला विरोध केला आणि शेवटी उमेदवार पात्र आहे म्हणून बॅरेट यांच्या बाजूने मत दिले. ही मखलाशी आहे असे काहींना वाटते, मला ती भूमिका सुसंगत वाटते.

फिलिबस्टरबद्दल, म्हणजे सिनेटमध्ये साठ मतांशिवाय चर्चा संपू न देण्याच्या अल्पमताच्या अस्त्राबद्दल, थोडक्यात सांगतो, कारण तिथे दोन्ही बाजूंची कोलांटउडी इतकी नियमित आहे की तपशिलात नवे काही हाती लागत नाही. २००५ मध्ये रिपब्लिकन नेते ते अस्त्र न्यायाधीशांच्या नेमणुकांपुरते काढून घेण्याची धमकी देत होते आणि सिनेटर ओबामा व सिनेटर बायडेन त्याचे रक्षण करत होते. नोव्हेंबर २०१३ मध्ये डेमोक्रॅट नेते हॅरी रीड यांनी सर्वोच्च न्यायालय वगळता इतर नेमणुकांसाठी ते काढले, एप्रिल २०१७ मध्ये मॅकोनेल यांनी सर्वोच्च न्यायालयासाठीही काढले, आणि २०२० मध्ये नागरी हक्क चळवळीचे नेते जॉन लुईस यांच्या अंत्यविधीच्या भाषणात ओबामांनी त्याच अस्त्राला वर्णभेदी जिम क्रो काळाचा अवशेष म्हटले. एक गोष्ट मात्र मॅकोनेल यांच्या पदरात टाकली पाहिजे. बहुमत हाताशी असताना आणि अध्यक्ष ट्रम्प जाहीरपणे मागणी करत असताना त्यांनी कायद्यांसाठीचा फिलिबस्टर मोडला नाही. जे गारलँड प्रकरणात साळसूद वाटतात तेच या प्रकरणात शब्दाचे पक्के निघतात. माणूस सगळीकडे सारखाच दुटप्पी असतो असे नाही, आणि आरोप माणसावर करण्याऐवजी त्या-त्या भूमिकेवर करावा असे मी म्हणतो ते यासाठीच.

ज्या प्रकरणात फरक खरा आहे त्याचेही एक उदाहरण घेऊ, कारण आपल्या घरच्या वादात ते नक्की निघत असणार. गोपनीय कागदपत्रे ट्रम्प यांच्याकडे सापडली, बायडेन यांच्याकडे सापडली आणि ट्रम्प यांचे उपाध्यक्ष राहिलेले माइक पेन्स यांच्याकडेही सापडली. मग खटला एकट्या ट्रम्प यांच्यावर का? बायडेन आणि पेन्स यांच्या वकिलांनी कागद सापडल्याचे स्वतः कळवले आणि परत दिले. ट्रम्प यांच्याकडून जानेवारी २०२२ मध्ये १५ खोकी परत आली, मे महिन्यात उरलेल्यांसाठी समन्स निघाले, आणि त्यानंतरही ८ ऑगस्टच्या झडतीत गोपनीयतेचा शिक्का असलेले शंभराहून अधिक कागद मार-ए-लागो या त्यांच्या फ्लोरिडातल्या निवासस्थानी मिळाले. बायडेन यांची चौकशी करणारे विशेष वकील रॉबर्ट हर यांनी बायडेन यांच्या स्मरणशक्तीबद्दल त्यांना झोंबेल असे लिहिले, पण ट्रम्प यांच्या प्रकरणाशी असलेला हा फरकही त्याच अहवालात नोंदवला. कागद लपवणे आणि कागद राहून जाणे यांत कायदा पूर्वीपासून फरक करत आला आहे, म्हणजे हा फरक ‘आधीचा’ आहे. ट्रम्प यांच्यावरचा खटला जुलै २०२४ मध्ये न्यायाधीश आयलीन कॅनन यांनी रद्द केला तो हा खटला चालवणारे विशेष वकील जॅक स्मिथ यांची नेमणूकच घटनाबाह्य ठरवून. कागदांच्या प्रश्नाचा निवाडा त्यात झाला नाही. हे सांगितल्यावर, हिलरी क्लिंटन यांच्या खासगी ईमेल सर्व्हरकडे २०१६ मध्ये ‘त्यात काय एवढे’ म्हणून कानाडोळा करणाऱ्यांनी सहा वर्षांनी गोपनीयतेच्या पावित्र्यावर प्रवचने दिली, आणि सभांमध्ये हिलरींना तुरुंगात टाकण्याच्या घोषणा देणाऱ्यांना मार-ए-लागोतल्या न्हाणीघरात रचलेली खोकी किरकोळ वाटली, हेही सांगितले पाहिजे.

सध्या घरोघरी चाललेला वाद मतदारसंघांच्या फेरआखणीचा आहे, आणि तो मला सर्वांत शिकवण्याजोगा वाटतो. फेरआखणी दर दहा वर्षांनी, जनगणनेनंतर करायची अशी रीत. २०२५ च्या उन्हाळ्यात ट्रम्प यांच्या आग्रहावरून टेक्सासने मधेच नकाशा बदलून प्रतिनिधिगृहातल्या आणखी पाच जागा रिपब्लिकनांना मिळाव्यात अशी आखणी केली. गणपूर्ती होऊ नये म्हणून तिथले डेमोक्रॅट आमदार राज्य सोडून गेले, आणि त्यांतले बरेच जण इलिनॉयमध्ये उतरले. इलिनॉयचा नकाशा २०२१ मध्ये डेमोक्रॅटांनी आखलेला आहे. त्यातला एखादा मतदारसंघ पाहिला तर वाऱ्यावर उडणारी सुतळी वाटावी. नकाशाच्या निषेधासाठी त्या राज्यात आश्रय घेणे म्हणजे ताकाला जाऊन भांडे लपवण्यासारखे होते. पुढे कॅलिफोर्नियाने ४ नोव्हेंबर २०२५ ला प्रस्ताव ५० मंजूर करून, स्वतःच नेमलेल्या स्वतंत्र आयोगाचा नकाशा बाजूला ठेवला आणि डेमोक्रॅटांना पाच जागांचा लाभ होईल असा नकाशा आणला.

मग दोघे सारखेच का? इथे मी विद्यार्थ्यांना मतदानाचे तक्ते काढायला लावतो. देशभर सर्व राज्यांत स्वतंत्र आयोगांनीच फेरआखणी करावी अशी तरतूद असलेले विधेयक डेमोक्रॅटांनी प्रतिनिधिगृहात २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये मंजूर केले. दोन्ही वेळा एकाही रिपब्लिकन सदस्याने बाजूने मत दिले नाही. नियम सर्वांना लागू करा, तो होईपर्यंत आम्ही एकट्याने हात बांधून घेणार नाही, ही भूमिका दुटप्पी म्हणता येत नाही, फार तर सोयीची म्हणता येते. पण मेरीलँड आणि इलिनॉय इथे डेमोक्रॅटांनी टेक्सासच्या २०२५ च्या आखणीच्या कितीतरी आधी जे केले त्याला हे कारण लावता येत नाही. या सगळ्यात ज्यांचे शब्द जागेवरून हलले नाहीत ते आर्नोल्ड श्वार्झनेगर. कॅलिफोर्नियाचे रिपब्लिकन गव्हर्नर असताना २००८ मध्ये आयोगाच्या बाजूने त्यांनी मोहीम चालवली, आणि २०२५ मध्ये प्रस्ताव ५० ला विरोध करताना टेक्सासच्या उद्योगालाही तितकेच चुकीचे म्हटले. दोन्हीकडच्या लोकांनी त्यांना वेड्यात काढले.

मतदार स्वतः याच्या बाहेर आहेत असे आपण मानू नये. नोव्हेंबर १९५१ मध्ये प्रिन्सटन आणि डार्टमथ या विद्यापीठांत फुटबॉलचा एक धसमुसळा सामना झाला. नंतर दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना त्याच सामन्याचे चित्रण दाखवून नियमभंग मोजायला सांगितले, तेव्हा प्रिन्सटनच्या मुलांना डार्टमथचे नियमभंग स्वतःच्या संघाच्या दुपटीहून अधिक दिसले. पडद्यावरचे चित्र एकच होते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मानसशास्त्रज्ञ जेफ्री कोहेन यांनी कल्याणकारी योजनेचा मसुदा पक्षाचे नाव बदलून लोकांपुढे ठेवला. लोकांनी मजकुरापेक्षा नावाकडे पाहून मत दिले आणि आपण मजकूर वाचूनच ठरवले असे ठामपणे सांगितले. याहून स्पष्ट आकडा पब्लिक रिलिजन रिसर्च इन्स्टिट्यूटच्या पाहण्यांतला आहे. खासगी आयुष्यात अनैतिक वागणारा नेता सार्वजनिक कामात नीतीने वागू शकतो का, या प्रश्नाला २०११ मध्ये गौरवर्णीय इव्हँजेलिकल प्रोटेस्टंटांपैकी ३० टक्के ‘हो’ म्हणाले होते. ऑक्टोबर २०१६ मध्ये, ट्रम्प उमेदवार असताना, ७२ टक्के. याच्या उलट बाजूला, व्हाइट हाउसमधल्या एका तरुणीशी असलेल्या संबंधांच्या प्रकरणातून अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्यावर आलेल्या महाभियोगाच्या वेळी ‘तो त्यांचा खासगी प्रश्न’ म्हणणारे डेमोक्रॅट होते. क्लिंटन यांनी तेव्हाच राजीनामा द्यायला हवा होता, हे सिनेटर कर्स्टन गिलिब्रँड यांनी म्हटले ते नोव्हेंबर २०१७ मध्ये, जवळजवळ २० वर्षांनी, जेव्हा त्याची किंमत कोणालाच मोजावी लागणार नव्हती. पुढच्याच महिन्यात आपल्याच पक्षाचे, लैंगिक गैरवर्तनाचे आरोप झालेले सिनेटर अल फ्रँकन यांचा राजीनामा मागण्यात त्यांनी पुढाकार घेतला. त्याची किंमत मात्र त्यांना खरोखर मोजावी लागली. पक्षाच्या काही बड्या देणगीदारांनी त्यांच्याशी कायमचा अबोला धरला.

लोक जे बोलतात ते त्यांना खरेच तसे दिसते, की ते जाणूनबुजून बोलतात? दोन्ही होते. २०१७ मध्ये ट्रम्प आणि ओबामा यांच्या शपथविधीच्या गर्दीची दोन छायाचित्रे शेजारीशेजारी ठेवून, कोणत्यात माणसे जास्त आहेत एवढेच विचारले गेले, तेव्हा ट्रम्प यांच्या १५ टक्के मतदारांनी उघड विरळ दिसणाऱ्या छायाचित्राकडे बोट दाखवले. त्यांना मोजता येत नव्हते असे नव्हे. प्रश्न गर्दीचा नसून निष्ठेचा आहे हे त्यांनी ओळखले होते.

आता आपल्या प्रश्नाचा उरलेला, अवघड भाग: एक पक्ष अधिक अप्रामाणिक आहे का? दुटप्पीपणा आणि खोटे बोलणे या गोष्टी वेगळ्या आहेत, आणि इथे मी त्या वेगळ्या ठेवतो. प्रक्रियेच्या नियमांबाबत, म्हणजे फिलिबस्टर, नेमणुका, कर्जमर्यादा, अध्यक्षांचे वटहुकूम, यांत दोन्ही पक्ष उन्नीस-वीस आहेत. सिनेटर ओबामांनी मार्च २००६ मध्ये कर्जमर्यादा वाढवण्याच्या विरोधात मत दिले आणि अध्यक्ष झाल्यावर २०११ मध्ये ते मत राजकीय होते, चूक होती, असे कबूल केले. अशी कबुली मी इतक्या वर्षांत फार थोड्यांदा ऐकली आहे. खोट्याच्या बाबतीत ओबामाही सुटत नाहीत: ‘तुमची विमा योजना तुम्हाला आवडत असेल तर ती ठेवता येईल’ हे त्यांचे आश्वासन पॉलिटिफॅक्ट या तथ्यतपासणी करणाऱ्या संस्थेने २०१३ सालचे सर्वांत मोठे असत्य ठरवले. मुलाला माफी देणार नाही असे सांगून १ डिसेंबर २०२४ ला माफी देणारे बायडेनही सुटत नाहीत.

पण प्रमाण पाहिल्याशिवाय तुलना पुरी होत नाही. जानेवारी २००५ मध्ये ओहायोच्या निकालाला डेमोक्रॅटांनी काँग्रेसमध्ये हरकत घेतली, तेव्हा हरकतीच्या बाजूने प्रतिनिधिगृहात ३१ आणि सिनेटमध्ये एक मत पडले, आणि पराभूत उमेदवार जॉन केरी यांनी दोन महिन्यांपूर्वीच पराभव मान्य केलेला होता. जानेवारी २०२१ मध्ये १४७ रिपब्लिकन सदस्यांनी निकालाविरुद्ध मत दिले, तेही संसदभवनावर जमाव चालून गेल्यानंतर काही तासांत, आणि उमेदवाराने पराभव तेव्हाही मानला नव्हता. त्या जमावावरून ट्रम्प यांच्यावर महाभियोगाच्या बाजूने मत देणाऱ्या दहा रिपब्लिकन प्रतिनिधींपैकी २०२२ च्या निवडणुकीनंतर सभागृहात दोघेच उरले. त्या दहांतल्या लिझ चेनी पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीतच हरल्या. ‘डेमोक्रॅटांनीही हरकत घेतली होती’ हे आपल्या मुलाचे वाक्य खरे आहे, आणि तेवढ्यावर दोन्ही घटना एका तागडीत घालणे खरे नाही.

रविवारी मुलाला इलिनॉयच्या नकाशाबद्दल विचारू नका, तो त्याला तोंडपाठ असेल. ऑक्टोबर २०२० बद्दल विचारा. मुलीला टेक्सासबद्दल नको, इलिनॉयबद्दल विचारा. दोघांपैकी कोणीही ‘ती गोष्ट वेगळी होती’ म्हणाले, की हे वेगळेपण तुझ्या पक्षाने पहिल्यांदा कोणत्या तारखेला सांगितले, एवढेच विचारा आणि त्यांना शोधू द्या. माझ्या वर्गात हे उत्तर शोधायला साधारण पाऊण तास लागतो.